रिटायर झालात? मग रविवारी सायकल काढा, गोव्यातल्या दिवाडी बेटावर चला
आदल्या रात्रीच टायरची हवा, ब्रेक बघून ठेवा, सकाळी पंप शोधत बसलात की ऊन डोक्यावर आलंच म्हणून समजा. पणजीहून साडेसहाला निघायचं, रायबंदरला जाणारा तो जुना पोर्तुगीज बांध घ्या, १६३० च्या दशकातला, जवळपास ३ किलोमीटर एकदम सपाट, त्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत आणि बाजूला मिठागरं, खारफुटी. पुढे रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट, पण दिवाडीचीच बघून चढा हां, चोडण बेटाचीपण तिथूनच सुटते, आमचा एक दोस्त गप्पांच्या नादात तिकडे पोचला होता!

दिवाडीत शेतातले रस्ते मस्त, पिएदाद चर्चचा चढ मात्र उतरून ढकलत चढा, लाज कसली, आपण काय रेस लावलीय? ज्याचा स्पीड सगळ्यात कमी त्याला पुढे ठेवा म्हणजे कुणी मागे राहत नाही. बीपीची गोळी, पाणी, हेल्मेट विसरू नका. पावसाळ्यात शेवाळावर चाक घसरतं, तेव्हा जरा जपून.

परत आल्यावर पातळ भाजी-पाव, मिरची भजी, चहा, आणि खरं सांगू, सायकल दोन तास तर गप्पा तीन तास, घरी आधीच सांगून ठेवा.