बियांचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात मांडायचा असेल तर

आठवी-नववीची मुलं बियांच्या प्रयोगाबद्दल विचारायला येतात तेव्हा विषय बहुतेक ठरवूनच आलेली असतात. मुगाला गाणी ऐकवायची, कोल्ड्रिंक घालायचं, नाहीतर एक डबा कपाटात आणि एक खिडकीत ठेवायचा. विज्ञानशिक्षिका म्हणून मी आधी एकच विचारते: यात तू नक्की काय मोजणार आहेस?

कपाटाचाच प्रयोग घ्या. अंधारातले मूग चार दिवसांत लांबलचक, पिवळट होतात आणि वहीत लिहिलं जातं, "अंधारात उगवण चांगली होते." पण ती लांबी म्हणजे रोपाची वाढ. उगवण म्हणजे टरफल फाटून मूळ बाहेर येणं, आणि मुगाला त्यासाठी उजेड असला काय, नसला काय, फारसा फरक पडत नाही. उगवण बघायची तर दाणे मोजा, वाढ बघायची तर पट्टी घ्या. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबलं की परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला मूल अडखळतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी मिठाच्या पाण्याचा प्रयोग सुचवते. साहित्य घरातलंच, आणि प्रश्न आपल्या मातीतला. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, कोकणात खाडीकाठच्या खारजमिनी आहेत. तिथल्या शेतकऱ्याला रोज पडणारा प्रश्न तुम्ही डब्यात मांडता.

एक लिटर द्रावणात १० ग्रॅम मीठ म्हणजे साधारण १ टक्का. साधं पाणी, ०.५, १ आणि २ टक्के असे चार गट करा. प्रत्येक गटाचे तीन डबे, प्रत्येक डब्यात २० मूग. एकूण २४० दाणे, म्हणजे मूठभरही नाहीत. पाच-पाच दाण्यांवर प्रयोग करू नका. एक दाणा किडका निघाला तरी निकाल २० टक्क्यांनी हलतो. मूग एकाच पुड्यातले, टिशू पेपरच्या घड्या सारख्या, पाणीही मोजून सारखंच. कागद ओला हवा, पण दाणे बुडता कामा नयेत, कारण रुजणाऱ्या बीला श्वास घ्यायला हवा लागते. झाकण लावाच. उघड्या डब्यातलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि तुमचा १ टक्का दुसऱ्या दिवशी १ टक्का राहत नाही.

मूळ २ मिलिमीटर दिसलं की दाणा रुजला, असं आधीच ठरवून वहीत लिहा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मोजा. काही दाणे साध्या पाण्यातही फुगत नाहीत, खड्यासारखे टणक राहतात. हे गणंग दाणे. ते मेलेले असतातच असं नाही, टरफलातून पाणी आत शिरलेलं नसतं. त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

बहुतेक मुलं "मीठ वाढलं, उगवण घटली" इथे थांबतात. माझ्या मते खरा प्रयोग इथून पुढे आहे. २ टक्क्यांतले न रुजलेले दाणे साध्या पाण्याने धुऊन नव्या ओल्या कागदावर ठेवा. आता ते रुजले, तर मिठाने त्यांना नुसतं पाणी ओढू दिलं नव्हतं. पुरेसे दिवस देऊनही रुजले नाहीत, तर मिठाने बीला आतून इजा केली असण्याची शक्यता वाढते. धुतलेल्या दाण्यांना मोड येताना बघणाऱ्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. "का" हा प्रश्न त्यांना तिथे स्वतःहून पडतो.

आकडे मांडताना घाई नको. एका गटात ६० पैकी ५५ आणि दुसऱ्यात ५३ रुजले, तर तो फरक म्हणायचा नाही. तिन्ही डब्यांचे आकडे वेगवेगळे दाखवा, नुसती सरासरी नको.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आणखी एक चांगला विषय म्हणजे घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता. ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळी करायची, आठवड्याने उघडून धडधाकट कोंब मोजायचे. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, तेव्हा आलेल्या आकड्याचा घरच्या पेरणीशी थेट संबंध असतो. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, त्यामुळे मळणी यंत्रातलं आणि हाताने सोललेलं बी यांची तुलनाही करता येते. गुलमोहराच्या बिया उलट दगडी. अर्ध्या पॉलिश पेपरवर घासा, अर्ध्या तशाच ठेवा.

कृषी केंद्रातलं रंग लावलेलं बियाणं मात्र मुलांच्या हातात देऊ नका. त्यावर औषध चोळलेलं असतं. वाणसामानाच्या दुकानातले अख्खे मूग उत्तम.

प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असेल तर थंडीने मोड उशिरा येतात, तेव्हा सगळे डबे घरात एकाच जागी ठेवा. प्रदर्शनाआधी चार, तीन, दोन आणि एक दिवस असे वेगवेगळे डबे लावलेत, तर टेबलावर प्रत्येक अवस्था जिवंत दाखवता येते. प्रत्येकावर तारीख आणि वेळ लिहा. नोंदवही सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून नेऊ नका. पाण्याचे डाग पडलेली मूळ वहीच टेबलावर ठेवा.