तारकर्ली-मालवण कमी पैशात करायचंय? मग हे वाचा

तारकर्ली महाग झालंय असं जो तो म्हणतो, पण खरं सांगू का, राहणं-खाणं अजूनही परवडतं. पैसे उडतात ते रिक्षात आणि वॉटर स्पोर्ट्समध्ये, तेवढं सांभाळलं की झालं.

आधी जायचं कसं. मुंबईहून कोकणकन्या नाहीतर तुतारी एक्सप्रेस, उतरायचं कुडाळला. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसा, नंतर वेटिंगच. तुतारीचा एक घोळ आहे, ती दादरहून रात्री 12:05ला सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री घरातून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं! आमचा मावसभाऊ शुक्रवारचं काढून शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन दादरला हजर, आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली.

कुडाळ ते मालवण साधारण 30 किमी. स्टेशनबाहेर थेट मालवणचा भाव सांगतील, तो ऐकून घ्यायचा आणि रिक्षा फक्त एसटी स्टँडपर्यंत करायची. पुढे लाल परी. बायकांना अर्धं तिकीट, 75 च्या वरच्या आजी-आजोबांना फुकट, त्यामुळे फॅमिली असेल तर हिशेबच बदलतो.

राहायचं कुठे? गाडी नसेल तर मालवण गावात राहा, देवबागला नको. देवबाग सुंदरच आहे, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये चिंचोळी पट्टी, पण साध्या औषधाच्या गोळीसाठी पण रिक्षा करावी लागते. मालवणातून तारकर्ली-देवबागला एसटी आहे, टाइम कंडक्टरला विचारून ठेवा. 'निवास न्याहारी'ची पाटी असलेली घरं बघा, आम्हाला नोव्हेंबरात बिनएसीची खोली 1200ला मिळाली, मागे विहीर आणि माड. दिवाळीची सुट्टी, 31 डिसेंबर आणि आंगणेवाडीची जत्रा हे दिवस टाळाच, ट्रेनपण मिळत नाही आणि खोलीपण.

जेवण घरातच सांगायचं, पण सकाळी सांगायचं. आमच्या काकी नाष्ट्याला घावणे वाढताना विचारायच्या, "दुपारचा जेवूक आसास मा? बांगडे गावलेत ताजे." हो म्हणायचं. लोक उगाच सुरमईच्या मागे लागतात, तिची थाळी महाग पडते, आणि ताजा बांगडा तिरफळ घातलेल्या तिखल्यात असला तर सुरमईची आठवण पण येत नाही. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी सांगा. सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव लागतो तो बघाच, फुकट आहे, फक्त टोपल्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका, ओरडा बसतो.

आता वॉटर स्पोर्ट्स. घरून फोनवर ॲडव्हान्स भरून कॉम्बो घेऊ नका, मी एकदा घेतलेला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाणी इतकं गढूळ की स्कूबात मला माझाच हात धड दिसेना, आणि पैसे परत मागितले तर "समुद्र काय आमच्या हातात आहे का" म्हणाले. पाऊस संपून महिना-दीड महिना जाऊ द्या. तिथे गेल्यावर आदल्या दिवशी घरमालकाला विचारा पाणी कसं आहे, मग ठरवा, आणि एकच करायचं तर स्कूबा करा, बनाना राईड कुठेही मिळते. त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळचा वाळूचा पट्टा, भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा ओहोटीची वेळ विचारूनच बोट ठरवा. बोट चार-सहा जणांत शेअर केली की स्वस्त पडते. संगमाच्या तोंडाशी पोहायला मात्र उतरू नका, ओढ असते.

सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका, 1664 ला महाराजांनी काम सुरू केलं तो हा. मालवणच्या जेटीवरून होडी मिळते, होडीवाले तासाभरात परत यायला सांगतात, म्हणून आधी तटावर चढा आणि शिवराजेश्वराचं मंदिर, दूधबाव, साखरबाव येताना करा. सगळीकडे खारं पाणी आणि या विहिरींचं गोडं, घोटभर पिऊन बघा. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा किल्ला फक्त लांबूनच.

येताना खाजा आणि कोकमाचं आगळ बाजारातून घ्या. बाटलीच्या झाकणाला चिकटपट्टी मारा, माझा एक पांढरा शर्ट अजून गुलाबी आहे.