झारा, तराजू आणि किल्ली: मोहल्ल्यातला लठ्ठपणा कमी करण्यासाठी भागीदारी कशी उभारावी

लठ्ठपणावर व्याख्यान ठेवलं की सभागृह भरतं, टाळ्या पडतात आणि बाहेर पडताना हातात कचोरी-जलेबीची प्लेट दिली जाते. इंदूरच्या कितीतरी मंडळांत आरोग्याचे कार्यक्रम असेच होतात, आणि लोकांना माहिती नसते म्हणून हे होतं असं मुळीच नाही. व्यासपीठावर डॉक्टर असतात, पार्षद (नगरसेवक) असतात, अध्यक्ष असतात. ज्याच्या हातात झारा आहे तो आचारी, ज्याच्या हातात तराजू आहे तो किराणेवाला आणि ज्याच्या कमरेला मैदानाची किल्ली आहे तो शाळेचा माणूस, यांना मात्र कुणी बोलावलेलं नसतं. रोजचं खाणं आणि रोजची हालचाल ठरते ती याच तिघांकडून. भागीदारी त्यांच्याशी करायची.

फिनलंडमधल्या उत्तर करेलिया प्रांतात १९७२ साली हृदयरोगाविरुद्ध असंच काम सुरू झालं. गावोगावच्या महिला संघटना स्वयंपाक बदलून दाखवत होत्या, आणि दूध व सॉसेज तयार करणाऱ्यांनाही सोबत घेतलं होतं. पुढच्या दशकांत तिथले हृदयरोगाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. इंदूरच्या लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांत मंडळ, भजनी मंडळ, शाळा आणि बगीचा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. इथे नवी संस्था काढायची गरज नाही.

सुरुवात: सात माणसं आणि एक पान

समिती सातच्या वर नेऊ नका. मंडळाचे दोघे (त्यातली एक जण भजनी किंवा महिला मंडळाची), जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमधली नर्स किंवा मोहल्ल्याची आशा कार्यकर्ती, शाळेचे क्रीडाशिक्षक, एक किराणेवाला, मंडळाचा नेहमीचा आचारी आणि सकाळी बगीच्यात नियमित फिरणाऱ्यांपैकी एक. पार्षदांना समितीत घेण्यापेक्षा त्यांच्याकडे नेमकी कामं घेऊन जा, ती लवकर होतात.

प्रत्येक भागीदाराबरोबर एका पानावर पाच गोष्टी लिहा: काय करणार, किती, कोणत्या दिवशी, कोण बघणार आणि कधी संपणार. ‘जनजागृती करू’ हे वाक्य पानावर आलं तर ते खोडा, कारण ते झालं की नाही हे कुणालाच मोजता येत नाही. ‘रविवारच्या नाश्त्यात शंभर प्लेटांना अर्धा लिटरच तेल’ हे मोजता येतं.

मुदत बारा आठवडे ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळीचा फराळ संपल्यावर सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपते. हवा फिरण्यासारखी असते आणि संक्रांतीचं हळदी-कुंकू त्यातच येतं. एप्रिलमध्ये सुरू केलेली फिरण्याची मोहीम उन्हामुळे तिसऱ्या आठवड्यात गळते.

आधी मोजमाप, पण चारचौघांत नाही

वजनापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडे पोटावर चरबी साठते आणि मधुमेह, रक्तदाब यांचा संबंध तिच्याशी जास्त आहे. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढलात तर २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरायचा. इंटरनेटवर दिसणारे २५ आणि ३० हे आकडे आपल्याला उशिरा जागं करतात.

टेप शिंप्याची चालेल, पण ताणलेली, जुनी नको. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मध्ये, पातळ कपड्यावरून, टेप जमिनीला समांतर, आणि माणसाने सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. दोनदा मोजा, एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. चुका होतात त्या दोन ठिकाणी: लोक पोट आत ओढतात, आणि दुसऱ्या वेळी मोजणारा बदलतो. बारा आठवड्यांनी त्याच व्यक्तीने, त्याच वेळी, शक्यतो सकाळी खाण्याआधी मोजावं. एक-दीड सेंटिमीटरचा फरक मोजण्यातलाच असू शकतो, त्यावर पेढे वाटू नका.

तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा कार्यकर्ती सी-बॅक नावाचा, मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका मोजणारा फॉर्म भरते. त्यात कंबरेच्या मापालाही गुण आहेत, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की त्या व्यक्तीची तपासणी आधी करायची असते. म्हणजे तुमच्या मोजमापाला सरकारी तपासणीत जागा आधीच आहे. त्याच दिवशी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी लांब फिरू नये किंवा जेवण एकदम कमी करू नये, हे प्रत्येकाला तोंडी सांगा.

वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. नावांची यादी वेगळी, नर्सकडे. ‘सर्वाधिक वजन घटवणारा’ अशी स्पर्धा ठेवू नका. लोक चार दिवस उपाशी राहतात, बक्षीस घेतात आणि महिन्याभरात वजन परत येतं. आणि ज्यांचं वजन थायरॉइडमुळे, पीसीओएसमुळे (स्त्रियांमधला संप्रेरकांचा त्रास) किंवा औषधांमुळे वाढलंय ते पुन्हा मंडळाची पायरी चढत नाहीत. मुलांचं वजन तर इतरांसमोर कधीच घेऊ नका. वाढत्या वयात बहुतेक मुलांचं वजन उतरवायचं नसतं. ते स्थिर ठेवून उंची वाढू द्यायची असते, आणि तो निर्णय बालरोगतज्ज्ञांचा.

आचारी: सगळ्यात मोठा भागीदार

शंभर माणसांच्या नाश्त्याला जाडे पोहे सहा किलो लागतात. सहसा त्यात लिटरभर किंवा जास्त तेल आणि वर दोन किलो शेव जाते. तेल अर्ध्यावर आणा म्हटलं की आचाऱ्याचा पहिला आक्षेप असतो: पोहे कोरडे होतील. आक्षेप खरा आहे. उपाय इंदूरच्या पोहेवाल्यांकडेच आहे: वाफ. पोहे चाळणीत धुऊन पाच-सात मिनिटं निथळा, मीठ-हळद-किंचित साखर ओल्या पोह्यांनाच लावा, फोडणी अर्ध्या लिटरमध्ये करा आणि नंतर परात उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर झाकून ठेवा. वाफेवर पोहे तास-दीड तास मऊ राहतात. त्यात दीड किलो कोरड्या मुगाचे मोड आणून, वाफवून घाला. फुगून ते तीन किलोच्या वर भरतात आणि प्लेट पोटभरीची होते. शेव बंद करायला जाऊ नका. इंदूरमध्ये शेवेशिवाय पोहे दिले तर लोक खिशातून पुडी काढतील. दोन किलोची एक किलो करा, आणि ती वाढप्याने चमच्याने घालावी, वाडगा टेबलावर मोकळा ठेवू नये. वरून जिरावन मसाला, कांदा, लिंबू, डाळिंबाचे दाणे हवे तितके.

पोह्यांबरोबरची जलेबी हा वेगळा विषय आहे. ती रोजच्या कार्यक्रमांतून काढा आणि वर्षातले चार दिवस ठरवून ठेवा. ‘कधीच नाही’ म्हटलेलं टिकत नाही, ठरवलेले दिवस टिकतात.

भंडाऱ्यात पुरी-भाजी-नुकती (गोड बुंदी) असते. तीनशे माणसांना फुलके देणं शक्य नसतं, ते सुचवूही नका. पण वाढण्याचा क्रम बदलता येतो: आधी कोशिंबीर, उसळ आणि ताक, पाच मिनिटांनी पुऱ्या. पुरी तळताना तेल नीट तापलेलं हवं आणि कढईत गर्दी नको; थंड तेलात पुरी जास्त तेल पिते. आणि वाढप्यांना नीट बजावा. आपल्या पंगतीत आग्रह ही रीत आहे, तिला मोडू नका, तिचा रोख बदला. आग्रह उसळीचा आणि कोशिंबिरीचा करा, नुकतीचा नको.

सत्यनारायणाच्या शिऱ्याचं प्रमाण मात्र बदलायला जाऊ नका. सव्वा-सव्वा पटीचा तो प्रसाद आहे. त्यावरून वाद झाला की बाकीची सगळी बोलणी तिथेच थांबतात. द्रोण भरून देण्याऐवजी चमचाभर द्या, तेवढं पुरे. एकादशीला साबुदाण्याऐवजी मोरधनाचा (भगरीचा) भात आणि दाण्याची आमटी ठेवली तर ज्येष्ठ मंडळी आनंदाने मान्य करतात, कारण तीही उपवासाचीच चाल आहे. दाणे मोजून घाला.

किराणेवाला आणि तेलाचा डबा

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार कॅलरीच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. महिन्याला माणशी नऊशे मिलिलिटरच्या आत. बाहेरचं खाणं आणि फरसाणही यातच मोडतं, म्हणून चौघांच्या घरात डब्यातून महिन्याला तीन लिटरच्या वर तेल निघू नये असं लक्ष्य ठेवा. सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा डबा घेत असाल तर तो पाच महिने तरी पुरला पाहिजे. किराणेवाल्याने डबा विकताना त्यावर मार्करने तारीख टाकायची, बस्स. घरात चमचे मोजायला कुणाला वेळ नसतो, पण ‘हा डबा तीनच महिन्यांत संपला’ हे दिसतं.

शेवेचा हिशेब किराणेवाल्यालाच दाखवा: शंभर ग्रॅम शेवेत साधारण ३५ ते ४० ग्रॅम तेल, म्हणजे माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून जास्त. आणि आपल्याकडे घेतली जाते अर्धा-अर्धा किलो. त्याला शेव विकू नको म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही आणि तो ऐकणारही नाही. त्याऐवजी गल्ल्याजवळ, हाताच्या उंचीवर फुटाणे, मखाणे, भाजके दाणे मांडायला सांगा आणि शेवेच्या शंभर ग्रॅमच्या पुड्या करायला सांगा. पहिले तीन आठवडे मंडळाने आपल्या बैठकांसाठीचे फुटाणे त्याच्याकडूनच घ्यावेत. दुकानदाराला तोटा दिसला की ही मांडणी दुसऱ्या महिन्यात उतरते.

संक्रांतीला महिला मंडळाने वाण म्हणून पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा लुटावा. प्लॅस्टिकच्या डब्या घरात ढिगाने पडल्या आहेत. हा चमचा रोज चहाच्या साखरेत आणि फोडणीत जातो.

शाळा, मैदान, बगीचा

शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो सांगून ठेल्यावाल्याशी भांडण काढू नका. त्याला उकडलेला भुट्टा, चणे, कापलेली फळं यांची सोय लावून द्या आणि मधल्या सुट्टीला तीच गाडी फाटकाजवळ येऊ द्या. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं आहे. तुमची शाळा दुसऱ्या बोर्डाची असली तरी लावा. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते. फलकावर आकडा लिहिण्याबरोबर तेवढी साखर पारदर्शक पिशवीत भरून टांगा.

मुलांना रोज साठ मिनिटं धावपळ हवी. संध्याकाळी पाच ते सात मैदान उघडं राहिलं तर निम्मं काम होतं. अडचण नेहमी एकच असते: कुणाला लागलं तर जबाबदार कोण? म्हणून पानावर लिहा की त्या वेळेत दोन पालक पाळीने हजर राहतील, प्रथमोपचाराची पेटी मंडळ देईल आणि किल्ली सात वाजता परत जाईल. पालकांच्या पाळ्यांचा तक्ता तीन महिन्यांचा आधीच भरून घ्या.

मोठ्यांना आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. चाल इतकी हवी की बोलता येईल पण गाता येणार नाही. गप्पा मारत रमतगमत फिरणारा गट वेगळा ठेवा, नाहीतर सगळ्यांची चाल मंदावते. महिला अंधारात बगीच्यात येत नाहीत. बंद दिवे, उखडलेला ट्रॅक, कुलूपबंद स्वच्छतागृह यांची तक्रार महापालिकेच्या इंदूर ३११ अ‍ॅपवर फोटोसकट टाका आणि तक्रार क्रमांक घेऊन झोन कार्यालयात जा. या शहराने कचरा वेगळा करण्याची सवय घराघरांत लावली आहे. नेमकं काम सांगितलं तर यंत्रणा हलते.

पैसे कुणाचे घ्यायचे नाहीत

वजन उतरवण्याच्या पावडरी विकणारे पहिल्याच आठवड्यात येतात, बहुतेक वेळा ओळखीतून. थंड पेयांचे आणि फरसाणाचे फलकही मिळू शकतात. पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा: खाण्यापिण्याचा किंवा वजनाचा माल विकणाऱ्याकडून पैसा, फलक, मोफत नमुने घ्यायचे नाहीत. खासगी रुग्णालयाने मोफत शिबिर देऊ केलं तर तपासणी घ्या, फोन नंबरांची यादी देऊ नका. खर्च मुळात फार नाही: टेप, रक्तदाबाचं यंत्र, चमचे, दोन फलक. मंडळाच्या वर्गणीत भागतं.

दर दुसऱ्या रविवारी अर्ध्या तासाची बैठक, उभ्याने. प्रत्येक पान वाचायचं आणि झालं की नाही एवढंच विचारायचं. दोनदा ‘नाही’ आलं तर काम लहान करा: आठवड्यातून पाच दिवस मैदान जमत नसेल तर तीन दिवस. बाराव्या आठवड्यात कंबरा पुन्हा मोजा, आणि त्याबरोबर मंडळाच्या वहीतून नाश्त्याला लागलेलं तेल, विकल्या गेलेल्या फुटाण्यांचे किलो आणि मैदान उघडं राहिलेले दिवस काढा. जी दोन-तीन पानं नीट पाळली गेली तीच पुढच्या बारा आठवड्यांसाठी पुन्हा सहीला ठेवा, बाकीची फाडून टाका, आणि आचाऱ्याला रंगपंचमीच्या आधी नवं पान द्या, कारण त्यानंतर त्याच्याकडे लग्नसराईची कामं सुरू होतात.