तिन्हीसांजेला तडतडणारा रिले

अंगणातला दिवा अंधार पडला की आपोआप लागावा म्हणून एलडीआर (अंधारात रोध वाढणारा प्रकाश-सेन्सर), १०० किलोओहमचा रेझिस्टर, ७४एचसी०४ (इनपुट उलटं करून देणारा इन्व्हर्टर आयसी) आणि ट्रान्झिस्टरवर एक रिले (विजेने चालणारा स्विच), एवढंच सर्किट केलं होतं. दिवसा ठीक, रात्री ठीक. पण तिन्हीसांजेला रिले फुटाण्यासारखा तडतडायचा.

आधी रिलेच बदलला. (पैसे वाया.) मग इनपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तरी तेच.

शेवटी मल्टीमीटर लावून बसलो. ५ व्होल्टवर हा आयसी १.५ च्या खाली शून्य मानतो, ३.५ च्या वर एक. मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी नाही. आणि माझा व्होल्टेज संध्याकाळी त्याच पट्ट्यातून मुंगीच्या पावलांनी उतरत होता. त्यात रिले ओढला की सप्लाय जरासा दबायचा, आयसीचा उंबरठा (ज्या व्होल्टेजला तो पलटी मारतो) हलायचा, रिले सुटायचा, की पुन्हा तेच. कपॅसिटरने तर उतरण आणखीच संथ केली होती.

उपाय म्हणजे श्मिट ट्रिगर असलेला ७४एचसी१४. पिना त्याच, सॉकेटमधून जुना काढून नवा बसवला. याचे उंबरठे दोन: माझ्याकडच्या नगात चढताना साधारण २.७ व्होल्टला पलटी, उतरताना १.८ ला. या फरकालाच हिस्टेरिसिस म्हणतात. सप्लायची ती बारीक थरथर त्यात जिरून जाते.

त्या संध्याकाळी एकदाच 'टक्' वाजलं.