पुतळी उलटी करायची घाई नको

जुन्या युरोपियन पोर्सेलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या पुतळ्यांच्या धंद्यात नवा आलेला माणूस पुतळी हातात पडली रे पडली की उलटी करून तळाची खूण शोधतो. निळ्या तलवारींची फुली, म्हणजे जर्मनीतल्या मायसेन कारखान्याची खूण, दिसली की झालं, 'मायसेन!' लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर शनिवारच्या बाजारात मी ज्या व्यापाऱ्याच्या हाताखाली शिकलो, ते सुरुवातीला मला खूण बघूच द्यायचे नाहीत. आज मी नवीन मुलांना तेच करायला लावतो.

कारण साधं आहे. मायसेनचा कारखाना १७१० चा आणि या तलवारींची नक्कल अठराव्या शतकापासून चालू आहे. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने तर १८४५ पासून जुन्या पुतळ्यांच्या प्रतिकृतींवरच धंदा उभारला. शिवाय तलवारींवर आडवी रेघ कोरलेली असेल, तर बहुतेकदा तो माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला असतो.

म्हणून आधी माती बघा. चेल्सीची, म्हणजे लंडनच्या अठराव्या शतकातल्या पोर्सेलिन कारखान्याची मेंढपाळीण घ्या. अस्सल असेल तर माती मऊ पोर्सेलिनची, म्हणजे कमी आचेवर भाजलेली. टवका उडालेली जागा साखरेसारखी रवाळ दिसते. सॅमसनच्या प्रतीची माती कठीण पोर्सेलिनची, तिथला टवका काचेसारखा चकचकीत. चेल्सीची खूण म्हणजे जहाजाचा नांगर, तो इवलासा असतो. ठसठशीत नांगर दिसला तर खुशाल खाली ठेवा.

मग डागडुजी. बोटं, मनगट, मान, कडेची फुलं, मोडतात ती हीच. तिथे नखाने हलकेच टकटक करा, डागडुजीचा आवाज बोदा येतो. अतिनील दिवा खिशात असावाच. त्याच्या उजेडात नवा रंग बऱ्याचदा वेगळा उठून दिसतो. उचलताना बुडाशी धरा, पुतळीच्या हाताला कधीच नाही.

पैशाचं म्हणाल तर लिलावात बोलीवर खरेदीदाराने भरायचं कमिशन चढतं, ते धरूनच आकडा ठरवा. सर्वसाधारण मेंढपाळ-मेंढपाळणींना पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलेलं नाही, त्या पडून राहतात. मायसेनचा अठराव्या शतकातला मुख्य शिल्पकार केंडलर, त्याच्या काळातल्या चांगल्या पुतळ्यांची गोष्ट वेगळी, पण त्या आपल्या खिशाबाहेर. मी तर म्हणेन, सुरुवातीला फुटक्याच घ्या. स्वस्त पडतात, आणि तुटलेल्या कडेवर माती उघडी दिसते. अस्सल माल नजरेत बसवायचा तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या वरच्या मजल्यावरची दालनं आहेत, तिकीट नाही. मुंबईत राहून हा धंदा करणार असाल तर आधी पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा वाचा. शंभर वर्षांच्या मर्यादेचा आणि परवान्याचा विषय त्यात आहे.

आणि विकताना डागडुजी बिलावर लिहून द्या.