दुनळी की सेमी-ऑटो: दुसऱ्या बाराचा हिशेब

रेंजवर नव्याने येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुनळी घेऊ की सेमी-ऑटो, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस स्वतःच भरणारी एकनळी बंदूक? पाठोपाठ त्याचं गणितही तयार असतं. एकीत दोनच काडतुसं, दुसरीत तीन-चार, मग जास्तवाली बरी. क्ले शूटिंगसाठी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडण्याच्या खेळासाठी, हे गणित बिनकामाचं आहे. ऑलिम्पिक ट्रॅपच्या (इथे तबकड्या नेमबाजापासून दूर उडतात) पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार टाकता येतात, स्कीटमध्ये (इथे त्या समोरून आडव्या जातात) एकीला एकच. बंदुकीत एका वेळी दोनपेक्षा जास्त काडतुसं भरायची वेळच येत नाही. पहिला बार दोन्ही बंदुकांतून सारखाच सुटतो. फरक पडतो तो त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात. खांद्याला काय बसतं, नळीचं तोंड कुठे उडतं, दुसरा बार नक्की लागतो का, आणि लागला तर छर्रे किती पसरतात, यावरून निवड करायची.

दुनळी म्हणजे कोणती, तेही आधी बोलून घेऊ. क्लेची आजची मुख्य बंदूक म्हणजे एकावर एक नळ्यांची, ओव्हर-अंडर. शेजारी-शेजारी नळ्यांची साइड-बाय-साइड ही पक्ष्यांमागे चालणाऱ्याची बंदूक. वजन साधारण २.८ ते ३.१ किलो, दिवसभर हातात धरली तरी जड होत नाही. पण तिचं पुढचं लाकूड बहुधा इतकं बारीक असतं की हात थेट नळ्यांवर जातो, आणि लागोपाठ पंचवीस बारांनंतर त्या नळ्या हात ठेवण्यासारख्या राहत नाहीत. नवख्याने क्लेसाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता धक्का. बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या किमान ९६ पट असावं, असा एक जुना इंग्लिश ठोकताळा आहे. २४ ग्रॅमला २.३ किलो, २८ ग्रॅमला २.७, ३६ ग्रॅमला जवळपास साडेतीन किलो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे चालतात, सरावाला २८ ग्रॅमची काडतुसंही सर्रास वापरली जातात. म्हणजे या नियमाने तीन किलोची बंदूक पुरेशी ठरते. पण तो ठोकताळा दिवसाला मोजके बार टाकणाऱ्यासाठी होता. १२५ तबकड्यांच्या सामन्याला तो अपुरा पडतो, म्हणूनच ट्रॅपच्या ओव्हर-अंडर ३.७ ते ४ किलोपर्यंत जातात. काडतूस तेच ठेवून बंदूक ३ ऐवजी ३.७५ किलोची केली, तर धक्क्याची ऊर्जा वीस टक्क्यांनी उतरते. फुकटात मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा, फक्त ते वजन उचलायची ताकद हवी.

गॅसवर चालणारी सेमी-ऑटो दुसरा मार्ग घेते. तिच्या नळीला चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या, पुढे बारीक भोकं असतात. छर्रे तिथून पुढे गेले की थोडा वायू त्या भोकांतून खाली येऊन पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला. बोल्ट मागे जाताना रिकामं काडतूस बाहेर फेकतो, स्प्रिंग दाबतो आणि परत येताना पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसवतो. यात एकूण धक्का नाहीसा होत नाही. तो जास्त वेळात वाटला जातो, त्यामुळे खांद्याला ठोसा न बसता रेटा बसतो. अंगाने हलके असलेले, कुमारवयीन, किंवा खांद्याचं जुनं दुखणं असलेले नेमबाज यांना आम्ही बिनदिक्कत गॅसवाली सुचवतो. धक्क्याची भीती एकदा अंगात बसली की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि खांदा पुढे येतो. ही खोड मोडायला महिने जातात.

सेमी-ऑटोत दुसरी जात इनर्शियाची. तिच्यात वायू वापरलाच जात नाही. बार उडताच अख्खी बंदूक मागे सरकते, बोल्ट मात्र जडत्वामुळे जागीच राहायला बघतो, आणि त्या दोघांत बोल्टच्या आतली जाड स्प्रिंग दबते. ती उसळली की बोल्ट मागे जातो. ही रचना स्वच्छ आणि हलकी. काजळी नळीतूनच बाहेर जाते, यंत्रात येत नाही. पण गंमत अशी की बंदूक नीट सरकली तरच ती चालते. तिच्या नळीखाली जास्तीचं वजन लावलं किंवा २४ ग्रॅमचं मऊ काडतूस घातलं, की रिकामं काडतूस बाहेर पडायच्या दारातच उभं अडकतं. धक्काही हलक्या बंदुकीचाच, जवळजवळ पूर्ण. क्लेसाठी सेमी-ऑटो घ्यायचीच असेल तर गॅसवाली घ्या. इनर्शियाची खरी जागा चिखलपाण्यात आणि जड काडतुसांवर आहे.

दुनळीचं दुसऱ्या बाराचं सामर्थ्य चोकमध्ये आहे. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला किंचित आवळ. १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटरची. इम्प्रूव्हड सिलिंडरमध्ये ती पाव मिलिमीटर आवळलेली असते, मॉडिफाइडमध्ये अर्धा, फुलमध्ये सुमारे एक मिलिमीटर. ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात इम्प्रूव्हड सिलिंडर साधारण निम्मे छर्रे टाकतो, मॉडिफाइड साठ टक्के, फुल सत्तर टक्के. ट्रॅपची तबकडी तुमच्यापासून दूर पळते. पहिला बार ती तीस-पस्तीस मीटरवर असताना, दुसरा चाळीसच्या आसपास. ओव्हर-अंडरमध्ये खालच्या नळीला मोकळा चोक आणि वरच्या नळीला घट्ट, असं प्रत्येक बाराला वेगळं माप मिळतं. आधी खालची नळी, कारण ती खांद्याच्या रेषेच्या जवळ असते. धक्का सरळ मागे येतो, तोंड कमी उडतं, आणि दुसऱ्या बाराला तबकडी नजरेतून सुटत नाही. सेमी-ऑटोला एकच नळी, एकच चोक. ट्रॅपमध्ये त्यामुळे तडजोड करावी लागते. स्कीटमध्ये मात्र बहुतेक तबकड्या वीस मीटरच्या आतबाहेर फुटतात, तिथे दुसऱ्या चोकचं काही कौतुक नाही आणि सेमी-ऑटोचं काही बिघडत नाही.

दोन चापांच्या साइड-बाय-साइडचा एक गुण मात्र आजही कुणाला गाठता आलेला नाही. पक्षी अंगावर येत असेल तर आधी मागचा चाप, घट्ट चोक, लांबचा बार. मग पुढचा चाप, मोकळा चोक, जवळचा. दूर जात असेल तर उलट. निवड बोटातच असते. एका चापाच्या दुनळीला त्यासाठी सिलेक्टर, म्हणजे आधी कुठली नळी उडेल ते ठरवणारी कळ, सरकवावा लागतो, आणि पक्षी तेवढं थांबत नाही.

एकच चाप असेल तर तो मेकॅनिकल आहे की इनर्शिया, हे घेतानाच विचारा. इनर्शिया चाप पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसऱ्या नळीवर जातो. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर धक्काच नाही, म्हणजे दुसरी नळीही गप्प. मेकॅनिकल चाप पुन्हा ओढला की दुसरी नळी उडते. इथे एक चूक दोन्ही बंदुकांना सारखीच नडते, ती म्हणजे खांद्याशी ढिली धरलेली बंदूक. दुनळीत त्यामुळे बोट चापावर परत आपटून दोन्ही बार लागोपाठ उडू शकतात, तर इनर्शियाच्या सेमी-ऑटोत बोल्ट अर्ध्यावरच राहू शकतो. मग दोष बंदुकीला देतात.

सेमी-ऑटो भरताना नवख्याची ठरलेली चूक पाहा. बोल्ट मागे अडकवलेला, उजव्या दारातून काडतूस चेंबरमध्ये टाकलं, आणि आवाज नको म्हणून हँडल हाताने धरून बोल्ट हळूच पुढे सोडला. बोल्टचं डोकं पूर्ण फिरून कुलूपबंद झालंच नाही. तबकडी मागितली, चाप ओढला, टिक. बोल्ट नेहमी बटण दाबून, स्प्रिंगच्या पूर्ण जोराने जाऊ द्यायचा, आणि बोटं दाराबाहेर ठेवायची. दुसरं काडतूस खालून मॅगझिनच्या, म्हणजे पुढची काडतुसं साठवणाऱ्या, नळीत, टिकचा आवाज येईपर्यंत अंगठ्याने रेटायचं. अर्धवट रेटलं तर ते परत सरकून उचलपट्टीखाली अडकतं. स्पर्धेत बार उडाला नाही तर बंदूक तबकड्यांच्या दिशेला धरून तशीच ठेवायची, पंच तपासेपर्यंत ती उघडायची नाही की सेफ्टीला हात लावायचा नाही. घाईने उघडली की बिघाडाचा दावा गेला.

सुरक्षेत दुनळी सरस, यात दुमत नाही. बिजागरीतून उघडून हातावर टाकली की दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे दहा मीटरवरच्या माणसालाही दिसतं. बार फुसका वाटला, आवाज दबका आला, तर उघडून नळीतून आरपार पाहिलं की अडकलेली वॅड (काडतुसातली दारू आणि छर्रे यांच्यामधली बुच) लगेच कळते. सेमी-ऑटोत मागून आरपार पाहता येत नाही. शंका आली तर ती पूर्ण रिकामी करून नळी काढूनच बघावं लागतं. म्हणून तिचा बोल्ट कायम मागे आणि चेंबरमध्ये रंगीत पट्टी, ही शिस्त. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड मोकळ्या दिशेला ठेवून तीस सेकंद थांबा, मगच उघडा. आणि खिशात २० बोअरचं एकही काडतूस नको. ते १२ बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, चेंबर रिकामा दिसतो, मागे १२ चं काडतूस बसतं, आणि नळी फुटते.

काडतुसाच्या लांबीचंही असंच. डब्यावर छापलेले ७० मिलिमीटर ही बार झाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची लांबी असते. जुन्या ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ते न उडालेलं असताना सहज बसतं, पण बाराच्या वेळी तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब चढतो. स्टीलचे छर्रे वापरायचे असतील तर नळी स्टीलसाठी प्रमाणित हवी आणि चोक मॉडिफाइडच्या पुढे नको. शिसं दबतं, स्टील दबत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत आधी कायदा. जिथे वन्यपक्ष्यांच्या शिकारीला मुळातच मनाई आहे तिथे ही बंदूक फक्त रेंजची. जिथे परवानगी आहे तिथेही सेमी-ऑटोच्या क्षमतेवर बंधन असतं. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९३५ पासून एकूण तीन काडतुसांची मर्यादा आहे, त्यासाठी मॅगझिनमध्ये दांडी घालतात. युरोपीय संघात मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणारी सेमी-ऑटो पक्ष्यांवर चालत नाही. बदकांच्या शिकारीत तिसरा बार खरा उपयोगी पडतो तो जखमी पक्षी पाण्यावर संपवायला. नवीन पक्ष्यावर तिसरा बार म्हणजे बहुतेक वेळा लांब गेलेल्या पाखराला उगाच टोचणं.

लांबीचा घोळ पुष्कळांना उमगत नाही. सेमी-ऑटोची पेटी, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधला यंत्राचा भाग, दुनळीपेक्षा नऊ-दहा सेंटिमीटर लांब असते. म्हणून २८ इंची नळीची सेमी-ऑटो ही हातात जवळपास ३२ इंची ओव्हर-अंडरइतकी लांब लागते. दोघींची तुलना करताना नळीचा आकडा बघू नका, एकूण लांबी मोजा. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच सेमी-ऑटो घ्यावी, नाहीतर रिकामं काडतूस दर वेळी नाकासमोरून जातं. उजव्या हाताचीही ट्रॅपच्या रांगेत शेजाऱ्याच्या अंगावर काडतुसं उडवते. त्यासाठी दारावर अडवणारी क्लिप लावायची.

निगा थोडक्यात. गॅसवाली तीनचारशे बारांनंतर उघडून पिस्टन आणि भोकं साफ करा. तेल नुसतं पुसल्याइतकं ठेवा, कारण जास्त तेल आणि काजळी मिळून चिकट लगदा होतो. रबरी रिंग असेल तर ती परत नीट बसली का बघा. ती विसरली की बंदूक एकबारी होते. दुनळीला बिजागरीच्या खुंटांवर बोटभर ग्रीस, आणि दर पंचवीस बारांनी चोक घट्ट आहेत का याची खात्री. बस. वापरलेली ओव्हर-अंडर घेताना बंदूक उघडायची वरची कळ पाहा: बंद केल्यावर ती मधल्या रेषेच्या उजवीकडे थांबली तर कुलपात अजून जीव आहे, डावीकडे गेली असेल तर झिजलेली. पुढचं लाकूड काढून, नळ्या बंद ठेवून हलवा. खडखडली तर परत ठेवा. दोन्ही नळ्या तीस मीटरवर एकाच कागदावर एकाच जागी मारतात का, हेही बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी बेतलेली बंदूक. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी आणि नळीवरच्या पट्टीचा किंचित भाग दिसला तर ठीक. नुसती पेटीच दिसली तर दस्ता गालाखाली कमी पडतोय. मणी डावी-उजवीकडे दिसला तर दस्त्याचा बाक चुकतोय. गालाची जागा दीड मिलिमीटरने उचलली की पंधरा मीटरवर मार सुमारे अडीच सेंटिमीटर वर जातो, एवढं हे नाजूक आहे. इथे सेमी-ऑटो पुढे, कारण तिच्याबरोबर बहुधा दस्ता आणि पेटीमध्ये घालायच्या चकत्या येतात आणि घरीच पानाने बदल होतो. दुनळीला तेच काम अॅडजस्टेबल दस्ता नसेल तर बंदुकीच्या कारागिराकडे जातं.

निर्णय होत नसेल तर दोन्ही प्रकार मागून घेऊन, एकाच डब्यातली पंचवीस-पंचवीस काडतुसं टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघा. गालाच्या हाडावर डाग असेल तर दस्ता वर किंवा जास्त आखूड आहे. मधल्या बोटावर असेल तर चापाचं कडं आपटतंय, दस्ता आखूडच. दंडावर निळा डाग असेल तर तो कुठल्याच बंदुकीचा दोष नाही. बंदूक खांद्याच्या खोबणीत न लागता बाहेर लागतेय, आणि ती दोन्ही बंदुकांनी तशीच लागेल.