नळाची धार बारीक झाली? आधी तोंडाची जाळी काढा

घरातल्या एकाच नळाची धार बारीक झाली असेल, तर दोष बहुधा त्याच्या तोंडाच्या जाळीत असतो. तिथे क्षार आणि बारीक रेती अडकते.

बेसिनचं भोक आधी बोळ्याने बंद करा, नाहीतर वॉशर हमखास आत जातो. खालून वर बघत जाळीची रिंग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. हाताने हलत नसेल तर फडकं गुंडाळून पक्कड लावा. नुसत्या पकडीने चकाकी खरवडते. भाग निघतील त्या क्रमाने मांडा किंवा फोटो काढा. क्रम चुकला की पाणी कडेने फवारतं.

जाळी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. रबरी वॉशर नुसत्या पाण्याने धुवा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

जाळी बसवण्याआधी नळ काही सेकंद पूर्ण सोडा, म्हणजे उरलेली रेती निघून जाईल. जाळीशिवायही धार बारीकच असेल, तर बेसिनखालचा अँगल कॉक (नळाला येणारं पाणी बंद-चालू करणारी छोटी तोटी) पूर्ण उघडा आहे का बघा. रिंग हातानेच घट्ट करा. गळलं तर वॉशर बदला, जोर लावू नका.